युवराजच्या नावानं

दुपारचं जेवण झालं की कस्तुराबाई आतल्या खोलीत आडव्या व्हायच्या, आणि मग बाळीवेशीतल्या त्या वधूवर सूचक केंद्रात अपेक्षा एकटीच उरायची. एप्रिलमधल्या सोलापुरात दुपारी कुणी लग्नाचं नाव काढत नाही. त्यामुळे जिन्यात पावलं वाजली तेव्हा तिला वाटलं, पाण्याचा जारवाला असेल.

वर आला तो जारवाला नव्हता. तिच्याच वयाचा, किंवा दोनेक वर्षांनी मोठा… शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो बसला नाही, पाणीही नको म्हणाला. खिशातून मोबाईल काढून त्यानं तिच्या नाकासमोर धरला. त्यावर एक मेल उघडा होता, आणि मेलमध्ये फोटो – धबधब्याच्या पडद्यासमोर, छातीवर हाताची घडी घालून उभा असलेला तोच.

'हा मी आहे,' तो म्हणाला.

अपेक्षानं फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. 'दिसताय की.'

'आणि हा मेल मी पाठवलेला नाही.'

'नाहीच. आम्ही पाठवलाय.'

'माझ्या नावानं? माझ्या कंपनीच्या पत्त्यावरून?'

'पत्ता तुमच्याच फॉर्मवर होता,' अपेक्षा म्हणाली. खरं तर तिला त्याच्या आवाजाचा राग आला होता. पण त्याच्या कपाळावरची शीर उडत होती, ती पाहून तिनं पंखा त्याच्याकडे वळवला.

मग तो बसला आणि सगळं सांगितलं. त्याचं नाव युवराज बिराजदार, मूळचा वळसंगचा. चिंचोळी एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती, तिथले संगणक तो सांभाळायचा. हल्ली कुणीही उठतो आणि दुसऱ्याच्या नावाचे खोटे मेल पाठवतो, म्हणून त्यानं कंपनीसाठी एक व्यवस्था लावली होती. कंपनीच्या नावानं कुठून कुठून मेल जातात, याचे अहवाल त्याच्याकडे रोज यायचे. गेल्या आठवड्यात त्या अहवालात एक अनोळखी ठिकाण दिसायला लागलं. तिथून कंपनीच्या नावावर मेलांचा नुसता पाऊस पडत होता. युवराज घाबरला. त्यानं थेट मॅनेजरांना सांगितलं, की कुणीतरी भामटा आपल्या गिऱ्हाइकांना फसवायच्या तयारीत आहे. मॅनेजरांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून बैठक घेतली. युवराज फळ्यावर चित्र काढून धोका समजावून सांगत होता, आणि मागच्या खुर्चीत खरेदी विभागाचे बसलिंगप्पा आपल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांची मुलगी लग्नाची होती.

'सापडला तुमचा चोर,' बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले. 'पाच फूट सात इंच. गव्हाळ वर्ण. निर्व्यसनी.'

अपेक्षाला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, आणि म्हणूनच ते जास्त मोठ्यानं बाहेर पडलं.

'तिथं पण सगळे असेच हसले,' युवराज म्हणाला. 'साहेब सोडून. साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. स्वतःच्या लग्नासाठी कंपनीची यंत्रणा वापरली, असं त्यांचं म्हणणं आहे. नोकरी जाईल माझी.'

हे ऐकून तिचं हसू थांबलं. आवाजानं जाग येऊन कस्तुराबाई बाहेर आल्या. त्या अपेक्षाच्या आत्या; गेली कित्येक वर्षं अर्ध्या जिल्ह्याची लग्नं त्यांनी जुळवली होती. आईवडील मोहोळला असल्यानं अपेक्षा कॉलेजपासून त्यांच्याकडेच राहायची आणि केंद्राचं संगणकाचं काम बघायची. दर महिन्याला नव्या स्थळांची माहिती हजारो घरांना मेलनं जायची. खाली मंगल कार्यालयं, साड्यांची दुकानं, बँडवाले यांच्या जाहिराती. एकगठ्ठा मेल पाठवायची एक स्वस्तातली सेवा घेतली होती, तिच्यात पाठवणाऱ्याच्या रकान्यात कुठलाही पत्ता टाकला तरी चालायचा. मुलाची माहिती मुलाच्याच पत्त्यावरून गेली पाहिजे, हा आत्यांचा हुकूम होता. अपेक्षानं नको म्हणून पाहिलं होतं; आत्यांपुढे तिचं नको आजवर कधी टिकलं नव्हतं.

'मुलगा स्वतः लिहितोय असं दिसलं की मुलीकडच्यांना बरं वाटतं,' आत्यांनी युवराजला समजावलं.

'पण मी लिहीत नाही ना, काकू.'

'मग तू कधी लिहिणार होतास?'

फॉर्म कुणी भरला, ते त्यानं विचारलं. आत्यांनी सांगितलं, की वळसंगहून सोनाबाई आल्या होत्या, एसटीनं, फोटो पदरात गुंडाळून. युवराजनं डोळे मिटून घेतले. 'आई,' तो एवढंच म्हणाला.

अपेक्षानं केंद्राच्या कागदावर लिहून दिलं, की हे मेल आमच्याकडून गेले, यात युवराज बिराजदार यांचा काही संबंध नाही. त्यानं कागद दोनदा वाचला आणि जिना उतरताना वळून बजावलं, की यापुढं त्याच्या नावानं एक ओळही जाता कामा नये. तिनं मान डोलावली. असला चिडका माणूस कुणाच्या गळ्यात घालायचा, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

त्या कागदानं त्याची नोकरी वाचली. आणि त्यानंच लावलेल्या व्यवस्थेचा बडगा तिच्यावर आला. आजवर तो नुसते अहवाल बघत होता; आता त्यानं कंपनीच्या नावानं जाहीर करून टाकलं, की आम्ही नेमलेल्या ठिकाणांखेरीज दुसरीकडून आमच्या नावाचा मेल आला तर तो घेऊच नका. असं करणारा तो एकटा नव्हता. बँकेतल्या मुलांचे, कॉलेजातल्या मुलांचे, सगळ्यांचे मेल परत यायला लागले. शेवटी अपेक्षानं सगळं आत्यांच्या जुन्या पत्त्यावरून पाठवायचं ठरवलं. तो फुकटातला पत्ता होता. पिशव्यांवर, कॅलेंडरांवर छापलेला. पण त्या फुकटवाल्यांनीही तसंच जाहीर केलेलं होतं, की आमच्या नावानं दुसऱ्यांनी पाठवलेलं घेऊ नका. निम्मे मेल परत आले. मग त्या स्वस्त सेवेनं आपल्याच मनानं आत्यांचा पत्ता काढला आणि तिथं स्वतःचा कुठलातरी लांबलचक, आकड्यांनी भरलेला पत्ता चिकटवून मेल पाठवले.

दुसऱ्या दिवशी फोन खाली ठेवायला फुरसत मिळेना. कुणी म्हणे, कस्तुराबाई, केंद्र विकलंत का. कुणी म्हणे, हा कोण परका आमच्या मुलीची माहिती घेऊन बसलाय. मे महिन्यात वधूवर मेळावा होता, हॉल ठरला होता, आणि निमंत्रणं अर्ध्या लोकांच्या नको असलेल्या मेलांच्या ढिगात जाऊन पडली होती. मेळावा पडला तर केंद्राचं नाव जाणार होतं, आणि या धंद्यात नावाखेरीज दुसरं असतं तरी काय.

अपेक्षानं दात-ओठ खात युवराजला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, 'बरं झालं.'

तिनं फोन ठेवून दिला.

शनिवारी दुपारी तो आपण होऊन आला. या वेळी पाणी प्यायला.

त्याचं म्हणणं साधं होतं. केंद्रानं स्वतःचं नाव विकत घ्यावं, त्या नावाचा पत्ता करावा, आणि आपल्या वतीनं मेल कोण पाठवणार ते जगाला उघड सांगून ठेवावं. आत्या ऐकेनात. अख्खं सोलापूर त्या जुन्या पत्त्याला ओळखतं, तो पत्ता सोडणं म्हणजे घर सोडणं, असं त्यांचं. युवराजनं समजावलं, अपेक्षानं समजावलं, चहा झाला, पुन्हा समजावलं. शेवटी आत्याच विचार करत म्हणाल्या, 'म्हणजे बोलणीला बसताना आपल्या घराकडून कोण बोलणार ते आधी ठरवायचं. उद्या मुलीच्या मामानं परस्पर सुपारी फोडली, तर ती धरायची नाही. असंच ना?'

'असंच, काकू.'

'मग हे आधी नाही का सांगायचं? दोन तास काय बडबडत बसलात दोघं.'

अपेक्षा आणि युवराजनं एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदाच दोघं एकाच गोष्टीवर वैतागलेले होते.

मग शनिवारमागून शनिवार गेले. ते काम किचकट होतं. तो सांगेल तशा ओळी अपेक्षा संगणकात भरायची. एखादं टिंब चुकायचं, आणि पुन्हा सगळं अडायचं. तो चिडायचा, ती त्याच्याहून चिडायची. तो कंपनीत प्रमाण मराठी बोलायचा, पण चिडला की वळसंग बाहेर यायचं. 'हितं टिंब न्हाय की,' असं तो म्हणाला की तिला मनातून गंमत वाटायची, आणि ती चेहरा मुद्दाम आंबट करायची.

एक काम मात्र तिला करावंच लागायचं. सोनाबाईंनी भरलेला फॉर्म अजून कपाटात होता, त्यामुळे युवराजसाठी आलेली स्थळं त्याला दाखवणं तिचं कर्तव्य होतं. ती एकेक वाचून दाखवायची, तो एकेक नाकारायचा. ही फोटोत फार हसतेय. हिचे वडील फार शिकलेले आहेत. हिला पोहता येतं.

'पोहता आलेलं काय वाईट आहे?' अपेक्षानं विचारलं.

'मला येत नाही.'

'मग बुडालात तर वाचवेल की.'

'मला बुडायचं नाही,' तो पडद्याकडे बघत म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ती वैतागून पुढचं स्थळ काढायला लागली. तिला नक्की कशाचा वैताग आला होता, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो प्रत्येक नकार देताना तिच्या छातीत काहीतरी हलकं व्हायचं, हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि तेच तिला आवडत नव्हतं.

एका संध्याकाळी दोघं खाली चहाला उतरले आणि अचानक वळीव आला. आधी धूळ उठली, मग टपोरे थेंब, मग पत्र्यावर गारा ताडताड. एका बंद दुकानाच्या फळीखाली दोघं अंग चोरून उभे राहिले. तिचा खांदा त्याच्या दंडाला लागला. कुणीच बाजूला झालं नाही. तापलेल्या डांबरातून वाफ येत होती. तिच्या केसात एक गार अडकली होती, ती काढायला त्यानं हात वर केला… आणि तसाच खाली घेतला.

'मला वाटतं…' तो म्हणाला.

'काय?'

'मला वाटतं, तुम्ही–'

तिनं मान वर केली. पावसाचा आवाज तेवढा वाढला.

'–तुम्ही त्या शेवटच्या ओळीत एक जागा जास्त सोडलीय.'

अपेक्षा भर गारांत रस्त्यावर उतरली आणि भिजत वर निघून गेली. जागा खरंच जास्त सुटलेली होती. ती तिनं काढली, आणि नव्या नावानं पहिला मेल पाठवून पाहिला. युवराज ओला होऊन मागोमाग वर आला तेव्हा त्याचा मोबाईल वाजला. मेल सरळ, व्यवस्थित येऊन पोचला होता. पाठवणाऱ्याच्या जागी केंद्राचं स्वतःचं नाव, दुसरं कुणी नाही. आनंदाच्या भरात तिनं हात पुढे केला, त्यानं टाळी दिली, आणि ते दोन हात जरा जास्त वेळ तसेच राहिले. आत आत्या खोकल्या. त्यानं बॅग उचलली.

निमंत्रणं पुन्हा गेली. मेळाव्याला हॉल भरला, बाहेरही माणसं उभी राहिली. आत्यांनी सगळ्यांसमोर युवराजला शाल-नारळ दिला आणि त्यानं तो असा धरला, जणू कुणी तान्हं मूल हातात दिलंय. अपेक्षाला वाटलं होतं, आज तरी तो बोलेल. तो म्हणाला, की आता काही अडचण येणार नाही.

खरंच आली नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अडचण नव्हती, तर कशाला येईल. अपेक्षा चालत्या यंत्रणेत मुद्दाम एखादं टिंब चुकवावं का, असा विचार करत बसायची आणि स्वतःवरच चिडायची.

मग एका सकाळी जिना चढून सोनाबाई आल्या. उन्हानं रापलेल्या, ठसठशीत कुंकवाच्या, हातात शेंगाचटणीचा डबा. त्यांनी अपेक्षाला आपादमस्तक पाहिलं, डबा तिच्या हातात दिला आणि आत्यांपुढे बसकण मारली. पोरगा एकही स्थळ पसंत करीना, म्हणून त्या त्याच्या खनपटीला बसल्या होत्या. बोलता बोलता त्याच्या तोंडी दर वाक्याला एकच नाव येत होतं. तेव्हा त्यांनी ओळखायचं ते ओळखलं.

'तुमची पोरगी आमाला पसंत हाय,' सोनाबाई म्हणाल्या. 'लई लांबवायचं न्हाय. या महिन्यातच उरकू.'

आत्यांचे डोळे भरून आले. जगाच्या पोरी उजवल्या, घरची तशीच राहिली, असे टोमणे त्यांनी फार दिवस ऐकले होते. त्या साखर आणायला उठल्या.

'हे त्यांनी सांगितलंय का?' अपेक्षानं विचारलं.

'कुनी?'

'युवराजनी.'

'त्यानं कशाला सांगायला पायजे? मी आई हाय की.'

अपेक्षाच्या मनात त्या क्षणी सगळं एकदम आलं. हो म्हणावं, वाकून नमस्कार करावा आणि मोकळं व्हावं, इतकं सोपं होतं. पण हा माणूस कधीच स्वतःहून बोलत नाही. त्याच्या नावानं त्याच्या आईनं फॉर्म भरला, आत्यांनी मेल पाठवले, आणि आता मागणीसुद्धा आईनंच घातली. उद्या संसारातही हा गप्पच बसणार, आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून याचं मन ओळखत बसणार का? ती म्हणाली, 'मग माझा नकार आहे.'

सोनाबाईंचा चेहरा उतरला. त्या पदर सावरून उठल्या आणि जिना उतरून गेल्या. आत्या मात्र दिवसभर बोलत होत्या. अपेक्षा शेंगाचटणीच्या डब्याकडे बघत बसली. रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही.

दुसऱ्या दिवशी, कामाच्या भर वेळी, युवराज आला. अर्धी रजा टाकून आला असावा. तोच घाम, कपाळावर तीच उडणारी शीर.

'आईला मी पाठवलं नव्हतं,' तो दारातूनच म्हणाला.

'माहीत आहे. म्हणूनच नाही म्हटलं.'

तो गोंधळला. पुढचं काही पाठ करून आला असावा, ते विसरला. 'मी… मी बोलणार होतो. त्या दिवशी पावसात. पण तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मग शनिवारी यायचं कशाला, असं झालं असतं. म्हणून म्हटलं, काम होऊ दे. काम झालं, तर यायला कारणच उरलं नाही.' त्यानं कपाळ पुसलं. 'मला जमत न्हाय असलं बोलाया. पन मला तुमच्याशीच लगीन करायचंय. दुसऱ्या कुनाशी न्हाय. हे मीच सांगतोय. आईनं न्हाय सांगितलेलं.'

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता. अपेक्षानं टेबलावरचे कागद सारखे केले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

'हो,' ती म्हणाली.

'काय हो?'

'हो म्हणजे हो.'

'म्हणजे… कशाला हो?'

'युवराज,' ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला नुसत्या नावानं हाक मारली, 'आता याचाही अहवाल हवाय का तुम्हाला?'

तेव्हा कुठं त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, हळूहळू, कानापर्यंत. तिनं एवढ्या शनिवारांत ते कधी पाहिलं नव्हतं. आत आत्यांनी मोठ्यानं नाक शिंकरलं.

पण सोनाबाईंची समजूत राहिलीच होती. त्या युवराजशी बोलत नव्हत्या, आत्यांच्या फोनला उत्तर देत नव्हत्या. आत्या म्हणाल्या, मी जाऊन येते, अशी बोलणी मी रोज करते. अपेक्षा म्हणाली, की नको. रविवारी ती युवराजच्या मोटारसायकलवर मागं बसून वळसंगला गेली. अंगण शेणानं सारवलेलं, लिंबाखाली एक शेरडू बांधलेलं. युवराज अंगणातच घुटमळला. आईपुढं जायचं त्याला धाडस होईना. अपेक्षा एकटीच वाकून स्वयंपाकघरात गेली.

सोनाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अपेक्षा भिंतीला टेकून खाली बसली.

'तुम्हाला नाही म्हणायचं नव्हतं,' अपेक्षा म्हणाली. 'त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माझं चुकलं असेल. आता मीच विचारायला आले. मला या घरात घ्याल का?'

सोनाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

'पोरीनं असं इचारायची पद्धत न्हाय आमच्यात.'

'माहीत आहे.'

'त्यो काय म्हनला तुला? सोताच्या तोंडानं म्हनला?'

'हो. अडखळत. पण म्हणाला.'

सोनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे धुरानं पाणावले होते, की आणखी कशानं, ते कळत नव्हतं. त्यांनी ताट ओढलं, गरम भाकरी त्यावर टाकली, तिच्याकडे सरकवली आणि दाराकडे तोंड करून हाक मारली:

'आरं युवराज… आत ये की. तुझ्या लग्नाचं बोलनं चाललंय हितं, आन तू भाईर काय उभा?'